एका वायरीवर अख्खी डबलबारी: कोकणातल्या साऊंडवाल्यांसाठी डिजिटल ऑडिओ नेटवर्कची मांडणी

मल्टिकोर स्नेकमधली, म्हणजे मंचापासून मिक्सरपर्यंत जाणाऱ्या अनेक तारांच्या जाड वायरीतली, एक कोर तुटली तर एक माइक जायचा. झांजेचा गेला तर कोरसच्या माइकवर भागवायचं, बुवांचा गेला तर मोकळ्या चॅनलवर फिरवायचा. भजन थांबत नसे. डिजिटल नेटवर्कमध्ये करंगळीपेक्षा बारीक वायरीतून चोवीस माइक जातात, आणि ती वायर गेली की मंच एकदम मुका होतो. दोन माणसांनी उचलायचा वायरीचा ड्रम गेला, ग्राऊंडची गुणगुण कमी झाली, हे सगळं खरं. पण सगळा भार एका वायरीवर आला, हेही तितकंच खरं. पुढची प्रत्येक पायरी त्या वायरीला आणि तिच्या दोन्ही टोकांना सांभाळण्यासाठी आहे.

नेटवर्कवर केलेला माझा पहिला कार्यक्रम कुडाळ तालुक्यातल्या एका देवळाच्या पटांगणात होता, डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनांच्या सामन्याचा. नवा मिक्सर, नवे स्टेजबॉक्स (मंचावर माइक लावायच्या पेट्या), आणि स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा, एका ओळखीच्या इंटरनेटवाल्याकडून आणलेला. पहिल्या बारीचा गजर सुरू झाला आणि स्पीकरमधून मधूनच ‘टक्’ असा आवाज यायला लागला. कधी तीन मिनिटांनी, कधी दहा. मला वाटलं पखवाजाचा माइक. माइक बदलला, वायर बदलली, चॅनल बदलला. मधल्या वेळेत कमिटीचे एक काका मिक्सरपाशी येऊन म्हणाले, “आवाज बरो आसा, पण मधीच कायतरी फुटता रे!” त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी घरी सगळं पुन्हा मांडलं तेव्हा कळलं, की त्या स्विचमध्ये वीज वाचवण्याची सोय चालू होती. पोर्टवर थोडा वेळ रहदारी कमी झाली की स्विच तो पोर्ट झोपवायचा. जाग यायला लागणारा तो एवढासा वेळ सगळ्या यंत्रांना एका तालात ठेवणाऱ्या घड्याळाचा ताल चुकवत होता. माइकचा काही संबंधच नव्हता.

तेव्हापासून मी ठरलेल्या क्रमानेच काम करतो. तो क्रम इथे मांडतो आहे.

आधी कागद

उदाहरण म्हणून डबलबारीच घेऊ. एकाच मंचावर दोन बाऱ्या, प्रत्येकीचा आपला ताफा. एका बारीला बुवांचा १ माइक, पेटीचे २, पखवाजाचे २, तबल्याचे २, झांजेचा १, कोरसचे ३, असे ११. दोन बाऱ्यांचे २२. निवेदकाचा एक आणि एक वायरलेस धरून २४. परत मंचावर जाणारे आवाज: दोन्ही बुवांचे मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायचे स्पीकर), दोन्ही वादकांचे मॉनिटर, मुख्य स्पीकर डावा-उजवा, बेस, आणि मागच्या लोकांसाठी लांब लावलेले, आवाज थोडा उशिरा सोडणारे डिले स्पीकर. म्हणजे ८.

कागदावर हे लिहिलं की मांडणी आपोआप दिसते. मंचाच्या डाव्या-उजव्या अंगाला १६ इनपुटांचा एकेक स्टेजबॉक्स, प्रत्येक बारीला आपला. माइकच्या वायरी पाच-सहा मीटरमध्ये संपतात, मंचावर गुंता होत नाही. दुसरी बारी सुरू होताना पहिल्या बारीचं काही उपटावं लागत नाही, हा मोठा फायदा.

आता कागदावर तिसरा प्रश्न लिहा: मिक्सरशिवाय आवाज आणखी कुणाला हवा आहे? आजकाल उत्तर एकच असतं. मुंबईतल्या चाकरमान्यांना यूट्यूबवर थेट बघायचं असतं, आणि कमिटीला रेकॉर्डिंग हवं असतं. म्हणजे लॅपटॉप आला. डिले स्पीकर रस्त्यापलीकडे दुकानांच्या रांगेशी लागणार असतील तर तेही एक ठिकाण झालं.

या प्रश्नाच्या उत्तरावरच पुढची निवड ठरते.

कोणती भाषा बोलायची

मिक्सर आणि स्टेजबॉक्स एवढंच असेल, तर नेटवर्क उभारायची गरज नाही. बेरिंजर एक्स३२ आणि मिडास एम३२ या मिक्सरांत एईएस५० नावाची जोडणी असते. एका वायरीतून ४८ किलोहर्ट्झवर जाणारे ४८ आणि येणारे ४८ चॅनल. ही थेट एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाणारी जोडणी आहे. वायर नेटवर्कचीच दिसते म्हणून ती स्विचला लावायचा मोह होतो. लावू नका, चालत नाही. आणि एईएस५० ला शिल्ड (आतल्या तारांभोवती धातूचं आवरण) असलेली वायर लागते, दोन्ही टोकांच्या धातूच्या कवचाला शिल्ड जोडलेली. साधी वायर लावली तर जमिनीवर कोरड्या पायांनी कुणी चाललं तरी त्या स्थिर विजेने आवाज तुटू शकतो.

तिसरं यंत्र आलं की खरं नेटवर्क लागतं. त्यात आपल्याकडे भाड्याने सहज मिळतं ते दान्ते. ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीचं हे तंत्र साध्या गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाच्या) स्विचवर चालतं, आणि यामाहा, अॅलन अँड हीथ, एक्स३२ अशा बहुतेकांना ते आतच असतं किंवा कार्ड घालून मिळतं. एव्हीबी आणि त्यावर आधारलेलं मिलान या दुसऱ्या नेटवर्क-पद्धतींचा मार्गही उत्तम आहे, पण त्याला एव्हीबी जाणणारेच स्विच लागतात. रात्री नऊ वाजता सावंतवाडीत किंवा देवगडात असा स्विच मिळणार नाही, म्हणून मी दान्ते धरतो. वेगवेगळ्या घराण्यांची यंत्रं एकत्र आणायला २०१३ साली एईएस६७ हे मानक आलं. दान्तेची अनेक यंत्रं ते बोलतात, पण गरज नसेल तर बंद ठेवा. घड्याळाचा आणि मल्टिकास्टचा (एकाच वेळी अनेकांना पाठवलेल्या आवाजाचा) गुंता वाढतो.

एक गोष्ट भाड्याने सामान घेतानाच विचारून घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्टेजबॉक्स आणि मिक्सर दान्तेवर जोडले तर आवाज येईल, पण मिक्सरवरून त्या बॉक्सचा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) आणि फँटम पॉवर (काही माइकना लागणारी वीज) चालेलच असं नाही. मंचावर जाऊन बॉक्सचा गेन हाताने फिरवायचा म्हटलं तर डबलबारीत ते शक्य नाही. दान्ते लिहिलंय म्हणजे झालं, असं धरून चालू नका.

वायर

इथे कंजुषी केली की बाकी सगळा खर्च वाया.

बाजारात कॅट-६ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वायरींमध्ये पुष्कळदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ओळखायची रीत सोपी आहे: टोकाची तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती वायर घरच्या इंटरनेटला ठेवा. अॅल्युमिनियम वाकवून-वाकवून तुटतं, आणि खाऱ्या हवेत टोकाशी लवकर मरतं. वेंगुर्ल्याला किनाऱ्यावरच्या मंडपात एक हंगाम काढलेली अशी वायर मी उघडून पाहिली होती. प्लगच्या आत तारेवर पिठासारखी पांढरी भुकटी बसली होती, चिमटीत धरली तर तार खडूसारखी मोडली. टेस्टरवर आठही दिवे लागत होते.

तो दिव्यांचा टेस्टर फक्त तार जोडलेली आहे एवढंच सांगतो. गिगाबिट वाहतं का, हे तो सांगत नाही. खरी परीक्षा म्हणजे वायर स्विचला लावून लिंकचा वेग बघायचा. १००० दिसायला हवा. १०० दिसला तर कुठली तरी जोडी गेलेली आहे.

तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर, पण ती भिंतीत बसवलेल्या, एकेरी जाड तारेच्या वायरीसाठी धरलेली आहे. आपल्याला रोज गुंडाळायची असते, म्हणून बारीक तारांच्या पिळाची मऊ वायर लागते, आणि तिच्यात सिग्नल जास्त मंदावतो. मी ७५ मीटरच्या पुढे तांबं टाकत नाही. त्यापुढे फायबर. मल्टिमोड फायबरवर गिगाबिट ५५० मीटरपर्यंत जातं, आणि कुठल्याही जत्रेला ते पुरून उरतं.

फायबरचा दुसरा गुण कोकणात जास्त मोलाचा आहे. मे महिन्यात लग्नं आणि पूजा जोरात असतात, आणि तेव्हाच वळीव येतो. लांब टाकलेली तांब्याची वायर म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. फायबरमध्ये धातू नसेल तर ती वाट बंद होते. फायबरच्या टोकाला मात्र धूळ चालत नाही. टोपी काढली की लगेच लावायची, आणि लावण्याआधी पुसायचं.

तांब्याच्या बाजूनेही एक चांगली गोष्ट आहे. बऱ्याचदा मंच जनरेटरवर असतो आणि मिक्सर देवळाच्या मीटरवर. मल्टिकोरमध्ये या दोन विजांच्या ग्राऊंडची भांडणं स्पीकरमधून ऐकू यायची. नेटवर्कच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि बिनशिल्डची वायर वापरली तर दोन्ही बाजूंचे ग्राऊंड जोडलेच जात नाहीत. म्हणून दान्तेसाठी मी साधी बिनशिल्डची, शुद्ध तांब्याची कॅट-६ पसंत करतो, आणि शिल्डची फक्त एईएस५० साठी ठेवतो. दोघींना वेगळ्या रंगाची टेप लावली आहे. अंधारात हाताला येईल ती वायर लावली जाते, त्याला हाच उपाय.

टोकाला इथरकॉन, म्हणजे नेटवर्कच्या प्लगवरचं अडकून बसणारं धातूचं कवच, घाला. साध्या प्लगची प्लॅस्टिकची पट्टी पहिल्याच महिन्यात मोडते, मग तो प्लग नुसता आत टेकलेला राहतो आणि बेसच्या धक्क्याने सैल होतो.

स्विच

चार-पाच यंत्रांच्या नेटवर्कला महागडा स्विच लागतोच असं नाही. साधा गिगाबिट स्विचही चालतो, पण वीज वाचवण्याची सोय त्यात नसावी किंवा बंद करता यावी. तिला कुठे ईईई म्हणतात, कुठे ग्रीन इथरनेट, कुठे ८०२.३एझेड. साध्या स्विचमध्ये ती बंद करायचं बटणच नसतं. म्हणून मी सेटिंग करता येणारेच स्विच घेतो. नेटगिअरच्या एम४२५० मालिकेसारख्या काही स्विचमध्ये दान्तेचं तयार प्रोफाइल असतं, ते निवडलं की काम झालं. बाकीच्यांत हाताने करायचं:

पहिलं, ईईई सगळ्या पोर्टवर बंद.

दुसरं, प्राधान्य. दान्ते आपल्या पाकिटांवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यांवर, डीएससीपी नावाचे आकडे लिहून पाठवतं. घड्याळाच्या पाकिटांवर ५६, आवाजाच्या पाकिटांवर ४६. स्विचला सांगायचं की ५६ सर्वांत वरच्या रांगेत, ४६ त्याखालच्या, बाकी सगळे त्यानंतर, आणि वरची रांग रिकामी झाल्याशिवाय खालची सोडायची नाही. घड्याळ आवाजाच्याही आधी का, ते पुढे येतंच.

तिसरं, आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट आवाज ज्याला हवा त्याच पोर्टला पाठवण्याची सोय. हे करायचं तर पूर्ण करा. नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट आवाज फिरत असेल आणि १०० मेगाबिटचं एखादं छोटं यंत्र असेल, तर हे लागतं, नाहीतर त्या बिचाऱ्यावर नको त्या रहदारीचा पूर येतो. पण स्नूपिंग चालू केलं आणि क्वेरियर (आवाज कोणाला हवा हे विचारत राहणारा स्विच) नेमला नाही, तर चार-पाच मिनिटांनी मल्टिकास्ट आवाज गपकन बंद होतो. साऊंडचेकला सगळं सुरळीत, गजर सुरू झाल्यावर गायब. स्विच कितीही असोत, एकाच स्विचला क्वेरियर करा. दोन स्टेजबॉक्स आणि एक मिक्सर एवढंच असेल तर स्नूपिंगच्या वाटेला जाऊ नका.

चौथी गोष्ट सेटिंगची नाही, हाताची आहे. एका स्विचमधून निघालेली वायर फिरून त्याच स्विचला लागता कामा नये. गडबडीत एखादा पोरगा ‘ही वायर सुटली वाटतं’ म्हणून मोकळ्या पोर्टमध्ये खुपसतो आणि क्षणात नेटवर्क गुदमरतं. मोकळ्या पोर्टांवर मी टेप मारतो.

घड्याळ

नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचा नमुना घेतं. सगळ्यांनी तो एकाच क्षणी घ्यायला हवा. भजनात मृदंगावर सगळ्यांचा कान असतो, तसं इथे एक यंत्र ठेका धरतं आणि बाकी त्याच्या मागे चालतात. दोघांनी आपापला ठेका धरला की कुरकुर, टकटक, मग शांतता.

दान्ते हा म्होरक्या स्वतःच निवडतं. पण तो निवडीचा हक्क तुम्ही आपल्याकडे घ्या. दान्ते कंट्रोलर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात घड्याळाच्या पानावर एका यंत्रापुढे पसंतीची खूण करा. मी ती मिक्सरला देतो, कारण मिक्सर बंद पडला तर कार्यक्रम तसाही थांबणारच आहे. स्टेजबॉक्सला दिली आणि कुणी त्याची वायर उपटली, तर घड्याळाची खुर्ची दुसऱ्याकडे जाताना सगळीकडे खटका ऐकू येऊ शकतो. खूण एकालाच करायची. मिक्सरच्या स्वतःच्या मेनूतही घड्याळाचा स्रोत असतो. कार्ड घालून दान्ते घेतलं असेल, तर मिक्सरचं घड्याळ आणि कार्डाचं घड्याळ यांतला कोण कोणाच्या मागे आहे, हे दोन्ही जागी जुळवा. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. आणि सगळी यंत्रं ४८ किलोहर्ट्झवर. एखादं ४४.१ वर राहिलं तर त्याची जोडणी होणारच नाही.

नावं आणि पॅच

दान्तेत कोणाचा आवाज कुठे जायचा, म्हणजे पॅच, ते आयपी पत्त्यावर ठरत नाही, नावावर ठरतं. ज्याला आवाज हवा ते यंत्र लक्षात ठेवतं: ‘मंच-डावा’ नावाच्या यंत्राचा पहिला चॅनल मला हवा. म्हणून कारखान्यातून आलेली लांबलचक नावं बदलून आपली द्या. रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं, आणि ३१ अक्षरांच्या आत. माझ्याकडे मंच-डावा, मंच-उजवा, मिक्सर, लॅपटॉप अशी चारच नावं आहेत. बॉक्सवर तेच नाव मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवलं आहे.

ही नावाची गोष्ट संकटात फार उपयोगी पडते. एक बॉक्स मेला, त्याच प्रकारचा दुसरा आणला आणि त्याला मेलेल्याचंच नाव दिलं, की त्या बॉक्सकडून येणारी पॅचिंग आपोआप परत जुळते; बॉक्सकडे जाणारी तेवढी पुन्हा करावी लागते. उलटही तितकंच खरं: पॅच झाल्यावर नाव बदललं की सगळं सुटतं. त्यामुळे आधी नावं, मग पॅच, आणि मग पॅचची फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवरही. पॅच एकदा झाला की यंत्रं तो स्वतःजवळ ठेवतात. लॅपटॉप बंद केला तरी आवाज चालू राहतो.

आयपी पत्ते आपोआप घेऊ द्या. मुख्य जाळ्यावर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतील. इंटरनेटचा राऊटर मात्र या स्विचला लावू नका. तो मध्येच नवे पत्ते वाटायला लागतो, अर्धी यंत्रं नव्या गटात जातात, अर्धी जुन्यात राहतात.

उशीर किती

डिजिटल म्हणजे उशीर, असं बुवा लोकांच्या मनात असतं, आणि कान त्यांचे तयार असतात, म्हणून त्यांना खरं सांगायला हवं. दान्तेचा उशीर ०.१५ ते ५ मिलिसेकंदांत आपण निवडतो. ०.२५ ला तीन-एक स्विच, १ मिलिसेकंदाला दहाच्या आसपास स्विच पार होतात. मी १ वरच ठेवतो. एका मिलिसेकंदात आवाज हवेतून जेमतेम ३५ सेंटिमीटर जातो. बुवांच्या समोर दीड मीटरवर मॉनिटर असेल तर तिथून कानापर्यंत यायलाच चारच्या वर मिलिसेकंद लागतात. मॉनिटर थोडा जवळ सरकवला तर नेटवर्कचा उशीर भरून निघतो. एका बुवांना मी हे मॉनिटर सरकवूनच दाखवलं होतं. पेटीवर दोन सूर लावून ते म्हणाले, “आता बरा लागता,” आणि विषय संपला.

मागच्या डिले स्पीकरची वेळ नेटवर्कशी संबंधित नाही, पण त्याच मिक्सरमध्ये लावायची असते. मुख्य स्पीकरपासून ६० मीटरवर असतील तर ३० अंशांच्या उकाड्यात सुमारे १७२ मिलिसेकंद, आणि रात्री पारा २२ वर आला की १७४. हा फरक सोडून दिला तरी चालतो. अंतर पावलांनी अंदाजे मोजणं मात्र सोडून द्यायच्या लायकीचं नाही. टेप लावून मोजा.

दुसरी वाट

बहुतेक चांगल्या दान्ते यंत्रांना दोन पोर्ट असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. दोन्ही वापरले तर तोच आवाज दोन वेगळ्या जाळ्यांतून एकाच वेळी जातो. एक वायर कापली गेली तरी ऐकणाऱ्याला कळतही नाही. अट एकच, दोन्ही जाळी पूर्ण वेगळी: वेगळे स्विच, वेगळ्या वायरी, मध्ये कुठेही भेट नाही. प्रायमरीची वायर चुकून सेकंडरीच्या स्विचला लागली तर दोन्ही जाळी मिळून गोंधळ घालतात. म्हणून माझं प्रायमरी निळं, सेकंडरी लाल.

आणि दोन्ही वायरी एकाच वाटेने टाकू नका. जत्रेत खाजेवाल्याच्या दुकानाचा खांब ठोकताना जी पहार एका वायरीवर पडेल, ती शेजारच्या वायरीवरही पडेल. एक मंडपाच्या कडेने वरून, दुसरी देवळाच्या मागून.

भाड्याच्या यंत्राला सेकंडरी नसेल, तर निदान एक तपासलेली वायर दुसऱ्या वाटेने टाकून दोन्ही टोकांशी बांधून ठेवा. बदलायला दहा सेकंद लागतील. वायर शोधायला, सोडवायला आणि गर्दीतून टाकायला वीस मिनिटं लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि सरकार ठरावीक दिवसांपुरतीच ती वेळ १२ पर्यंत वाढवतं. दोन बाऱ्यांच्या सामन्यात ती वीस मिनिटं दुसऱ्या बुवांच्या वाट्यातून जातात. त्या बुवांनी महिनाभर तयारी केलेली असते. माझ्या मते हे नुकसान भाड्यात सूट देऊन भरून येत नाही.

लॅपटॉप आणि वाय-फाय

रेकॉर्डिंगसाठी दान्ते व्हर्च्युअल साऊंडकार्ड हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, पण मग वेगळं कार्ड लागत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क पोर्टमधून ६४ चॅनलपर्यंत येतात. २४ चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे तासाला साधारण साडेबारा जीबी. चार तासांना ५०. जागा आधी मोकळी करा, झोपेची सेटिंग बंद करा. यूट्यूबसाठी इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्या. आवाज तारेने, इंटरनेट हवेने, दोन्ही वाटा लॅपटॉपमध्येच भेटल्या तर अडचण नाही.

दान्तेचा आवाज वाय-फायवर टाकायचा विचारही करू नका. टॅबलेटवरून मिक्सर चालवायला वाय-फाय ठीक आहे, त्याचा राऊटर मिक्सरच्या कंट्रोल पोर्टला वेगळा लावा. हजारो मोबाइल पटांगणात आले की २.४ गिगाहर्ट्झवर टॅबलेट वारंवार सुटतो. ५ गिगाहर्ट्झ ठेवा आणि राऊटर उंच बांधा. आंगणेवाडीच्या जत्रेसारख्या गर्दीत तर मी टॅबलेटवर विसंबतच नाही, मिक्सरपाशी बसतो.

वीज आणि खारी हवा

लाइट गेली आणि आली, यात मल्टिकोरच्या काळात दोन सेकंद जायचे. आता मिक्सर उठायला मिनिट-दोन मिनिटं, स्विच उठायला तेवढाच वेळ, मग घड्याळ जुळणार, मग आवाज. त्यामुळे मिक्सर, स्विच आणि स्टेजबॉक्स हे यूपीएसवर हवेतच. अँप्लिफायरला गरज नाही. स्विचला वीज फार लागत नाही, एक छोटा ६०० व्हीएचा यूपीएस मंचाकडच्या स्विच आणि बॉक्सला जनरेटर चालू होईपर्यंत सांभाळतो.

अर्थिंग हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच: आपल्या जांभ्यात उन्हाळ्यात ठोकलेली सळई कोरड्या दगडात असते, तिचा भरवसा नाही. खड्डा ओला ठेवा, वायरमनकडून मोजून घ्या, आणि गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कधीच काढू नका. मंचावर अनवाणी माणसं बसलेली असतात, हातात धातूचे माइक असतात.

पावसाळ्याचे चार महिने सामान पेटीत असतं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ती पेटी आतून घामेजते. पेटीत सिलिका जेल घाला, महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून तासभर चालू ठेवा. गणपतीच्या आधी प्रत्येक इथरकॉनमध्ये टॉर्च मारून बघा. आतले आठ संपर्क पिवळे चमकायला हवेत. हिरवट किंवा काळे दिसले तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. तरी डाग राहिला तर टोक कापून नवं घाला.

घरीच मोडून बघायचं

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळं नेटवर्क अंगणात उभं करा, त्याच वायरींसह, गुंडाळी उलगडून. गाणं लावून तासभर चालू ठेवा. दान्ते कंट्रोलरमध्ये नेटवर्कच्या पानावर पाकिटांच्या चुका शून्य हव्यात, घड्याळाच्या पानावर म्होरक्या एकच हवा. मग गाणं चालू असताना प्रायमरीची वायर उपटा. आवाज तुटला नाही तर सेकंडरी खरी आहे. स्विचची वीज काढा, परत द्या, किती सेकंदांनी आवाज आला ते लिहून ठेवा. जो पोरगा मंचावर थांबणार आहे त्याच्याकडूनच हे करून घ्या, त्याच्या हाताला सवय हवी.

आणि भर कार्यक्रमात सगळा आवाज गेला तर? मिक्सरला हात लावायचा नाही. आधी स्विचचे दिवे. पोर्टचा दिवा विझलेला असेल तर वायर किंवा वीज, बांधून ठेवलेली दुसरी वायर लावा. दिवा लागलेला असेल तर दान्ते कंट्रोलरमध्ये यंत्राचं नाव दिसतं का बघा. नाव दिसतं पण आवाज नाही, तर घड्याळ. घड्याळ बरोबर, तर पॅचची फाइल परत चढवा. या क्रमाने गेलात तर दोन मिनिटांत कारण हाती लागतं. उलट्या क्रमाने मी एक अख्खी रात्र घालवलेली आहे. आणि तेवढ्या वेळापुरता निवेदकाचा एक माइक साध्या वायरीने थेट स्पीकरला लावून ठेवलेला असू द्या, म्हणजे लोकांना दोन शब्द सांगता येतात.

कार्यक्रम संपल्यावर वायर ओढत ड्रमवर घेऊ नका, एक वेढा सुलटा आणि एक उलटा असा हातावर घ्या. गुंडाळताना ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. दवात भिजलेल्या वायरीवर खाऱ्या हवेचं मीठ असतं. टोकाच्या टेपवर शेवटची गिगाबिट तपासणी केल्याची तारीख लिहा. ज्या वायरीबद्दल कार्यक्रमात थोडीही शंका आली, तिला तिथेच गाठ मारा. गाठीची वायर गाडीत वेगळ्या पोत्यात जाते.